'जीपान' म्हटलं की जपानी पोरं हसतात, आणि 'देनिमु' म्हटलं की किंमत दुप्पट. हे मला एकट्यालाच खटकतं का?

कामेइदोकर

जपानात राहणाऱ्या, राहून गेलेल्या मंडळींसाठी धागा काढतोय, पण कपड्यांत रस असलेल्या कोणीही या.

जपानीत जीन्सला एक जुना शब्द आहे, जीपान. महायुद्धानंतर अमेरिकन सैन्य तोक्योत बसलं तेव्हा उएनोच्या आमेयोको बाजारात, रेल्वेच्या पुलाखालच्या त्या चिंचोळ्या गल्ल्यांत, सैनिकांनी टाकलेल्या निळ्या पँटी विकायला यायच्या. जी.आय. म्हणजे अमेरिकन शिपाई, त्यांची पँट म्हणून जीपान, असं तिकडचे लोक सांगतात. दुसरे म्हणतात जीन्स आणि पान्त्सु (म्हणजे पँट) जोडून कापलाय, बाकी काही नाही. कुठलीही गोष्ट खरी धरा, शब्द बाजारात जन्मला, कुठल्या कंपनीच्या मीटिंगमध्ये नाही. १९७३-७४ मध्ये मात्सुदा युसाकु ह्या नटाने टीव्हीवर जो तरुण पोलीस केला त्याचं टोपणनावच जीपान होतं, कारण तो ड्यूटीवर जीन्स घालून यायचा. म्हणजे तेव्हा हा शब्द भारी होता, पोरं तसं दिसायला धडपडायची.

आणि आता ऑफिसात कोणी जीपान म्हटलं की पंचविशीतली पोरं गालात हसतात. 'ओयाजी' शब्द म्हणे, म्हणजे म्हातारबांचा. जीन्सही त्यांना जरा जुनाटच वाटतो. आता म्हणायचं देनिमु. अरे, डेनिम हे कापडाचं नाव आहे, पँटचं नाही! पण दुकानात पाटी देनिमु, कॅटलॉगमध्ये देनिमु, आणि डेनिमसाठी नावाजलेल्या ओकायामाचं नाव जोडलं की त्याच पँटचे वीस-पंचवीस हजार येन. माझं सरळ मत आहे की हा शब्द किंमत चढवायला आणलाय. जीपान ही मळणारी, गुडघ्यावर फाटणारी, बापाकडून पोराकडे जाणारी पँट होती, देनिमु ही धुवायची कशी याची चिठ्ठी सोबत घेऊन येते आणि घेणारा माणूस ती सहा महिने धुतच नाही, आणि वर त्याचे फोटो टाकतो. ज्या शब्दाने ही पँट जपानात रुजली तो शब्द तिथल्याच लोकांनी असा लाजून टाकून द्यावा याचं मला खरंच वाईट वाटतं.

बोला.

टिपटीपा

तुमचा नॉस्टॅल्जिया पुरुषी आहे, राग मानू नका. मी कपड्यांच्या धंद्यात आहे, ओसाकात. देनिमु शब्द किंमत चढवायला आला हे अर्धवट आहे. जीपानमध्ये 'पान' आहे, म्हणजे फक्त पँट. मग स्कर्टला काय म्हणणार, जॅकेटला काय म्हणणार, लहान मुलींच्या पिनाफोरला काय म्हणणार? बायकांच्या कपड्यांत हे कापड सगळीकडे शिरलं आणि त्या सगळ्याला एक नाव हवं होतं, ते कापडाचंच असणार ना. दुकानात एका रॅकवर सगळं लावायचं तर वर पाटी कसली लावू? मग हळूहळू पँटलाही तेच चिकटलं. यात कट वगैरे काही नाही.

आणि ज्या सोनेरी जीपान काळाबद्दल तुम्ही बोलताय त्या काळात बायकांनी ती घातली की काय व्हायचं ते पण सांगा की. १९७७ मध्ये ओसाका युनिव्हर्सिटीत एका लेक्चररने जीन्स घालून आलेल्या मुलीला वर्गाबाहेर काढलं होतं, बाईच्या जातीला शोभत नाही म्हणून. देशभर वाद झाला, वर्तमानपत्रांतून पत्रं, टीव्हीवर चर्चा. आणि गंमत म्हणजे तो लेक्चरर जपानी नव्हता, अमेरिकन होता! ज्यांच्याकडून पँट आली त्यांच्यातलाच एक येऊन सांगतोय की ही घालू नका. जीपानला म्हातारबांचा शब्द म्हणतात ते उगाच नाही, त्या शब्दात डोळ्यासमोर येतो तो पुरुषच. माझ्या दुकानातल्या साठीच्या जपानी बाईसुद्धा स्वतःच्या पँटला जीपान म्हणत नाहीत, नवऱ्याच्या पँटला म्हणतात.

इचलकरंजीचा_धोटा

मी जपानला गेलेलो नाही, पण तिकडच्या कापडाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही कारण आमची तिसरी पिढी मागावर आहे.

धागाकर्ते दादा, किंमत शब्दामुळं चढते म्हणता ते आमच्यासारख्याला पटणार नाही. सगळ्या डेनिमचं नाही म्हणत, पण काठाचं जे डेनिम असतंय ना, पँट खालून दुमडली की आत पांढरी पट्टी आणि मधून लाल दोरा दिसतो ते, ते धोट्याच्या मागावरच निघतं. धोटा इकडून तिकडं कांडी घेऊन जातो आणि परत येताना बाण्याचा, म्हणजे आडवा, दोरा तुटत नाही, वळतो, म्हणून काठ बंद होतो. रेपियर, एअरजेट या बिनधोट्याच्या नव्या मागांना तसं होत नाही, तिथं प्रत्येक फेरीला दोरा कापला जातो आणि कडेला झालरी राहते. धोट्याच्या मागावर डेनिमचा पन्हा साधारण तीस इंचाच्या आसपास, नव्या मागावर त्याच्या दुप्पट, आणि वेग तर विचारूच नका. म्हणजे एका पँटला कापड लांबीनं जास्त लागणार, माग हळू चालणार, माणूस उभा राहणार. पैसे लागणारच.

त्यात तिकडं जे जुने टोयोडाचे माग जपून ठेवलेत त्यांचा इतिहास म्हणजे, आज मोटार बनवणारी टोयोटा आहे ना ती मुळात मागवाल्यांची. १९२४ चा त्यांचा जी टाइप ऑटोमॅटिक माग, कांडी संपली की माग न थांबवता धोटा आपोआप बदलायचा. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याचे हक्क विकत घेतले, म्हणजे ज्यांनी जगाला माग विकले त्यांनीच जपान्याकडून घेतले. हे आमचे आजोबा सांगायचे तेव्हा खरं वाटायचं नाही.

आणि रंगाई. डेनिमचा फक्त ताणा, म्हणजे उभा दोरा, निळा, बाणा पांढरा. ताण्याचे दोरे एकत्र करून दोरखंडासारखे वळायचे आणि नीळीच्या हौदात बुडवून वर काढायचे, हवा लागली की हिरवट-पिवळा होता तो निळा होतो, मग परत बुडवायचा, असं अनेकदा. तरी रंग दोऱ्याच्या गाभ्यात जात नाही, आत पांढराच राहतो, म्हणून ती पँट घासली जाईल तिथं पांढरी पडते. फुकुयामाकडची काइहारा म्हणून कंपनी आहे, १८९३ पासूनची, आधी किमोनोचं नीळीचं इकतसारखं कापड करायची, त्याला कासुरी म्हणतात. किमोनो बसला तसा धंदा बसला, मग त्यांनी १९७० मध्ये स्वतःच दोरखंड रंगवायचं मशीन तयार केलं. हे सगळं एका पँटमागं आहे. तुम्ही त्याला जीपान म्हणा नाहीतर तुमान म्हणा.

आमच्याकडं असले जुने माग किलोनं भंगारात गेले. तिकडं त्याच आवाजाला टूरिस्ट येतात. असो.

नाडीबहाद्दर

एवढं गंभीर चाललंय म्हणून जरा अवांतर. जीपान म्हणा, देनिमु म्हणा, पण कृपा करून पान्त्सु म्हणताना सांभाळा. तोच शब्द, 'पा' वर सूर चढवून खाली आणला तर चड्डी, आणि सपाट म्हटला तर पँट. आमच्या टीममधला नागपूरचा एक पोरगा क्लायंटबरोबर जेवताना सांगत होता की कालच्या पावसात माझी पँट पूर्ण भिजली म्हणून आज नवीन घेतली. सूर चुकला. समोरचे तीन जपानी आपापल्या सुपाच्या वाटीत बघत बसले. त्यापेक्षा जीपान बरा, त्यात गोंधळ नाही. माझं मत धागाकर्त्याला.

टिपटीपा

@नाडीबहाद्दर खिक्क! पण यातच उत्तर आहे बघा. पान्त्सु सपाट म्हणायची पद्धत पण नंतरचीच, फॅशनवाल्यांनी पँटसाठीचा झुबोन शब्द जुना झाला म्हणून पान्त्सु पुढे आणला. झुबोन ऐकलं की शाळेचा गणवेश आणि आजोबा डोळ्यासमोर येतात.

रेइवा_बॅच

मी इथेच शाळा केली, त्यामुळे माझं पण ऐका. धागाकर्त्यांना वाटतंय की जीपानवर काही खास अन्याय झालाय. तसं नाहीये. जपानी लोक बाहेरून आलेला प्रत्येक कपड्याचा शब्द दर वीस-तीस वर्षांनी टाकतात आणि तोच कपडा नव्या नावाने परत आणतात. बिनबाह्यांच्या जॅकेटला आधी चोक्की, मग बेस्तो, आता जिरे. गळाबंद स्वेटरला आधी तोक्कुरी म्हणायचे, साकेच्या बाटलीसारखी मान म्हणून, आता तातोरुनेक्कु. स्पात्त्सुचं रेगिन्सु झालं. चेनला चाक्कु म्हणायचे, आणि तो तर परदेशी शब्दच नव्हता, किन्चाकु म्हणजे नाडीची थैली, त्यावरून ओनोमिचीच्या एका कंपनीने १९२७ च्या सुमाराला ठेवलेलं ब्रँडचं नाव, पण ऐकायला परदेशी वाटायचं म्हणून चाललं. आता तो पण गेला, फासुना आला.

म्हणजे इथे शब्दाचं वय म्हणजे बोलणाऱ्याचं वय. कोण किती वर्षांचा आहे हे विचारणं उद्धट, पण त्याला एकदा कपाटातले कपडे मोजायला सांगा, कळतंय. त्यात शोषण नाही, दुकानदारी थोडी आहे, पण जास्त करून प्रत्येक पिढीला आईबापांपेक्षा वेगळं बोलायचं असतं एवढंच.

आणि एक जरा तिखट बोलतो. आपण बाहेरून येऊन चाळिशीत त्यांची भाषा शिकतो आणि मग त्यांनाच सांगतो की तुमचा जुना शब्द किती छान होता, टाकू नका. माझ्या शाळेतल्या मित्रांना हे सांगितलं तर ते नम्रपणे 'सो देसु ने' (हो ना) म्हणतील आणि विषय बदलतील.

कामेइदोकर

@रेइवा_बॅच भाषेला बाहेरच्याने बोलू नये हे मला मान्य नाही. कर भरतो, रांगेत उभा राहतो, मग शब्दाबद्दलही बोलणार.

@धोटा दादा, तुमची पोस्ट वाचून आनंद झाला, काठाच्या कापडाबद्दल माझी तक्रारच नाही. पण देनिमु म्हणून जे विकलं जातं त्यातलं किती तुमच्या त्या धोट्यावरचं असतं? आठवत असेल तर २००९ साल आठवा. युनिक्लोच्या भावंडाने, जीयू ने, ९९० येनला जीन्स काढली. मग इऑन, डॉन किहोते ह्या मोठ्या दुकानसाखळ्या, इऑनने ८८० ला, डॉन किहोतेने ६९० ला. एका जेवणाच्या पैशात पँट. तेव्हा ती 'जीन्स' होती बरं का, पाट्या मोठमोठ्या जीन्स म्हणून होत्या. ह्या मारामारीत मधल्या किमतीची जुनी जपानी नावं, जी सात-आठ हजाराला चांगली टिकाऊ पँट द्यायची, ती मोडकळीला आली. एडविनसारखी मोठी कंपनी अडचणीत येऊन २०१४ मध्ये इतोचु ह्या बड्या व्यापारी कंपनीच्या छत्राखाली गेली. मग उरलं काय, एकीकडे फेकून द्यायची स्वस्त आणि दुसरीकडे वीस हजारांची. जीपान गेला तो त्या मधल्या पँटबरोबर गेला. माझं दुःख तेच आहे, शब्द हा त्याचा पुरावा.

वैनीसाहेब_दापोली

वाचतेय शांतपणे. पण मराठी माणसाने कापडाचं नाव पँटला दिलं म्हणून कुरकुर करावी हे जरा जास्तच झालं हो! आमच्या लहानपणी मुलांच्या चड्ड्या 'जीन'च्या असायच्या, खाकी जीन, ती विलायती निळी पँट गावात यायच्या कितीतरी आधी. जीन हे कापडच होतं. आणि डांगरी? मुंबईच्या डोंगरीवरून ते जाडंभरडं कापड बोटीतून बाहेर गेलं, गोऱ्या खलाश्यांनी शिवून घातलं, आणि डंगरी झालं. म्हणजे गावाचं नाव कापडाला आणि कापडाचं नाव पँटला. डेनिम पण फ्रान्सच्या नीम गावचं आणि जीन इटलीच्या जेनोआचं. सगळेच असे झालेले आहेत, जपान्यांनी केलं तर बिघडलं कुठे?

आणि पाटलोण म्हणणारं कोणी उरलंय का आपल्यात? माझे सासरे म्हणायचे. पाटलोण गेली, विजार गेली, तुमान फक्त शिवी द्यायला उरली. कोणी धागा काढला नाही.

अनामिक_७१

आली डोंगरी! आता दोन प्रतिसादांत जीन्सचा शोध मराठी माणसाने लावला हे सिद्ध होणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

इचलकरंजीचा_धोटा

@अनामिक चेष्टा करा, पण वैनी बरोबर बोलतात. फक्त एक, जपानात दांगारी म्हटलं तर ते डेनिमच्या उलट कापड समजतात, ताणा पांढरा आणि बाणा निळा, शर्टासाठी जास्त. आमच्या डोंगरीचं तसं काही नव्हतं. नाव गेलं, अर्थ वाटेत बदलला.

टिपटीपा

कामेइदोकर, तुमच्या २००९ च्या मुद्द्याला दाद देते, ते खरंच झालं आणि माझ्या ओळखीचे लोक त्यात बेकार झाले. पण तुम्ही जीपान काळाला जो देशी, मातीतला रंग देताय तो मला अजिबात पटत नाही. जरा बघा त्या काळात बनवणारे स्वतःला काय म्हणवून घेत होते. ओकायामाचं कोजिमा, म्हणजे समुद्र हटवून केलेली खारी जमीन, भात येईना म्हणून कापूस लावला, मग ताबी म्हणजे अंगठ्याचे मोजे, मग शाळेचे गणवेश. तिथल्या मारुओ ह्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्याने १९६५ मध्ये अमेरिकन कापड आणून जीन्स शिवली. नाव काय ठेवलं? कॅन्टन, त्या अमेरिकन कापडगिरणीचं. मग १९६७ मध्ये स्वतःचा ब्रँड काढला, नाव बिग जॉन! मालक ओझाकी कोतारो. तारो म्हणजे आपला जॉन, पण 'को' म्हणजे लहान, लिटल जॉन कसं दिसणार, म्हणून बिग. एडविन म्हणजे डेनिमचीच रोमन अक्षरं उलटसुलट करून, एम पालथा घालून. बॉबसन म्हणून अजून एक. एकाही लेबलवर जपान दिसू नये असा सगळा खटाटोप. कापडही अमेरिकेचं, १९७३ मध्ये कुराबो ह्या कापडगिरणीने पहिलं जपानी डेनिम काढलं तेव्हा ते केडी-८ म्हणून, केडी म्हणजे कुराबो डेनिम, आठव्या खेपेला जमलं म्हणून आठ.

आता दुसरीकडे बघा. १९७९ पासून ओसाकाच्या आसपास जे जीन्सचे ब्रँड उभे राहिले, स्तुदिओ द'आर्तिजां, मग दुनीम, एव्हिसु, फुलकाउंट, वेअरहाउस, त्यातल्या एव्हिसुने १९९१ मध्ये देवाचं नाव लावलं, एबिसु, मासा धरलेला तो हसरा देव, ओसाकाच्या व्यापाऱ्यांचा लाडका. म्हणजे जीपान म्हणायचे तेव्हा अमेरिकन असल्याचं सोंग, आणि देनिमु म्हणायला लागले तेव्हा जपानी असल्याचा अभिमान. तुमची सगळी मांडणी उलटी आहे.

नाडीबहाद्दर

ठोसा!

रेइवा_बॅच

+१ टिपटीपाताई. फक्त स्तुदिओ द'आर्तिजां हे फ्रेंच सोंग झालं, तेवढं चालवून घेऊ.

कामेइदोकर

टिपटीपाताई, चांगलं मांडलंत, पण मी तर म्हणेन यातून माझीच बाजू भक्कम होते. बनवणारे अमेरिकन सोंग घेत होते, लेबल अमेरिकन, कापड अमेरिकन, जाहिरातीतला माणूस गोरा. त्या सगळ्यात जपानी होतं काय? फक्त गिऱ्हाइकाने ठेवलेलं नाव. कंपनी म्हणतेय बिग जॉन आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारतंय जीपान आहे का. तेवढं एक त्यांचं स्वतःचं होतं. आणि जेव्हा खरोखर जगात नाव झालं, न्यूयॉर्कचे लोक ओकायामाचं कापड विचारत यायला लागले, नेमकं तेव्हा ते नाव टाकलं आणि परदेशी ग्राहकाला कळेल असा शब्द घेतला. देवाचं नाव लेबलवर आलं खरं, पण तेही फ्रेंच-इंग्रजी स्पेलिंगात, 'व्हि' घालून. एबिसु सरळ लिहायला काय हरकत होती?

टिपटीपा

जगात विकायचं होतं, ही हरकत होती. आणि देनिमु परदेशी ग्राहकासाठी नाही हो, तो इथल्या बायकांनी आणि मासिकांनी केला, हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय. तुम्ही ते वाचून पुढे जाताय.

वैनीसाहेब_दापोली

दोघांचं पटणार नाही हे मला पाचव्या प्रतिसादालाच कळलं होतं. रच्याकने, माझा भाचा पुढच्या महिन्यात ओकायामाला जाणार आहे कामाने. ते कोजिमा लांब आहे का? आणि खरंच घेण्यासारखं असतं की नुसतं फोटो काढायचं ठिकाण?

टिपटीपा

वैनी, अजिबात लांब नाही. ओकायामाहून ताकामात्सुकडे जाणारी मरीन लाइनर पकडायची, पाऊण तास हाताशी ठेवला की झालं, पूल सुरू व्हायच्या आधीचं स्टेशन. स्टेशनापासून जीन्स स्ट्रीट म्हणून जुन्या बाजाराची गल्ली आहे, बसलेला बाजार होता, २००९ पासून हळूहळू जीन्सची दुकानं आली. शक्यतो शनिवार-रविवारी जायला सांगा, मधल्या वारी बरीच दुकानं बंद असतात. आणि उंची कमी करायची असेल तर तिथेच साखळीटाक्याने करून घ्यायची, इकडे आणून साध्या मशीनवर करू नये, त्या टाक्यामुळे खाली जी पीळ पडल्यासारखी घडी येते तीच तर हौशी लोकांना हवी असते.

इचलकरंजीचा_धोटा

आणि वैनी, भाच्याला सांगा कापड आधी आटवलेलं आहे का ते दुकानात विचारायचं. कोरं, न आटवलेलं असलं तर पहिल्या पाण्यात लांबीत चांगलंच आखडतं, खळ पण निघते. तसली घेतलीच तर आधी कोमट पाण्यात भिजवून वाळवायची आणि मगच खालून कापायची. आणि पांढऱ्या सोफ्यावर बसू देऊ नका पहिले दोन महिने.